पाट मोजायचे की माणसं?

भर वैशाखात लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालून बसलेला माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. भांडगावात हायवेचं डांबर चपलेला चिकटत असायचं, शेडनेटमध्ये ट्रे भरणाऱ्या बाया घामानं निथळत असायच्या, आणि आप्पा ऑफिसमागच्या बारक्या खोलीत एसीखाली दात वाजवत बसलेले असायचे. समोर सर्व्हर. कुणी म्हटलं, "आप्पा, बाहेर या की, गारठाल!" तर मान हलवायचे. "कारभाऱ्यांना एकट्याला सोडून? न्हाई बाबा."

कारभारी म्हणजे तो सर्व्हर. आप्पांची रोपवाटिका मोठी. कुणाचं किती रोपांचं बुकिंग आहे, कुठल्या शेडमध्ये काय उगवलंय, कुणाच्या रानात कधी टेम्पो पाठवायचा, हे सगळं ज्या एका मशीनच्या पोटात असायचं त्याला आप्पांनी ठेवलेलं हे नाव. मशीन तापलं की "कारभारी रागावले", बंद पडलं की "कारभारी रुसले". आमच्याकडं बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात, त्यामुळं ट्रे भरणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. आप्पांना त्याचं काही नसायचं. पोळ्याला तर त्यांनी कहरच केला. दारात बैल नव्हते, ट्रॅक्टर होता. त्याला हार घालून झाला आणि आप्पा पुरणपोळीचं ताट घेऊन थेट एसीच्या खोलीत शिरले. सर्व्हरला गोंडा बांधला, गुलालाचा पुडा सोडला. मशीनची देखभाल करणारा पोरगा ओरडला, "आप्पा, गुलाल पंख्यात जाईल!" आप्पा म्हणाले, "वरीसभर राबतोय त्यो. तुला जेवायला मिळतं, त्याला नको व्हय?" शेवटी गुलाल राहिला आणि पोळी त्या पोरानंच खाल्ली, कारभाऱ्यांच्या वतीनं.

मला आप्पांबद्दल बोलायला लागलं की थांबता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. आणि मला राग पटकन येतो, तेही सांगून ठेवते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की हिनं आधी सांगितलं नाही.

आमच्या भागात आप्पांचं नाव रोपांपेक्षा पंगतींसाठी जास्त. लग्न असो, बारसं असो, दहाव्याचं जेवण असो, वाढपाची सूत्रं आप्पांकडं. कढईत डोकावून नुसत्या वासावर सांगायचे, मीठ कमी पडलंय. त्यामुळं झालं काय की, जगातली कुठलीही गोष्ट त्यांच्या डोक्यात जेवणाच्या वाटेनंच शिरायची. विमेवाला आला, बँकवाला आला, कुणीही आला की खुर्ची द्यायचे आणि म्हणायचे, "मला जेवणातलं सांगा." एकदा फवारणीचा ड्रोन विकणारा माणूस आला. बिचाऱ्यानं तासभर पंखे, बॅटरी, कॅमेरा केलं. आप्पा ढिम्म. शेवटी घाम पुसत तो म्हणाला, "आप्पा, असं समजा की हा वाढपी आहे. हा वरून तूप वाढतो, आणि सगळ्यांच्या भातावर धार सारखी पडते." आप्पांनी मांडीवर थाप मारली. "वाढा!"

त्यांचा होकार म्हणजे हे 'वाढा'. ड्रोन घ्यायचा असो नाहीतर पोरीचं लग्न ठरवायचं असो.

माझं माहेर कासुर्डी, म्हणजे भांडगावपासून हाकेच्या अंतरावर. माझ्या लग्नातली पंगतही आप्पांचीच. फोटोवाल्यानं आम्हा दोघांना पकडून ठेवलेलं, असं बघा, तसं बघा, हात हातात घ्या. सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता आणि हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. आप्पा पळीतली आमटी सांडत स्टेजवर चढले आणि फोटोवाल्यावर खेकसले, "नवरीचं तोंड बघ की उतरलंय! आधी घास, मग फोटो." सासरचे पाहुणे बघतच राहिले. मला एवढी लाज वाटली, आणि एवढं बरं वाटलं!

पण लग्न झाल्यावर हेच आप्पा माझ्याशी बोलेनासे झाले. राग नव्हता, त्यांची रीत होती. दुसऱ्याच्या सुनेशी सासऱ्यासमोर सरळ बोलायचं नाही. काही सांगायचं असलं तर घरातल्या कर्त्या माणसाला सांगायचं. त्यांच्या लेखी हा मान होता. मी समोर उभी असले तरी माझ्या सासऱ्यांना म्हणायचे, "तात्या, सूनबाईंना म्हणावं, आई बरी हाय कासुर्डीला." आणि तात्या माझ्याकडं वळून म्हणायचे, "आई बरी हाय म्हणत्यात." मी म्हणायचे, "ऐकलं मी." तरी तात्या पुढच्या वेळी पुन्हा तेच.

तात्या म्हणजे मांडवगण फराट्यातलं वजनदार माणूस. ऊस, कांदा, दारात चार गाई, आणि बैठकीच्या खोलीत टेबलावर कंप्युटर. तो कंप्युटर माझ्या दिरानं घेतलेला, पण त्यावर हात चालायचा माझा आणि थोरल्या जाऊबाईंचा. मी बीकॉम, जाऊबाई बारावी, पण टायपिंगमध्ये त्या माझ्याही पुढं.

होळीच्या आसपास आप्पांनी नवीन टूम काढली. भांडगावचं ऑफिस बुकिंगच्या फोननं बेजार झालं होतं. एक फोन घ्यावा तर मागं दहा वाजतायत. मग त्यांनी पुण्याच्या माणसांकडून अशी सोय करून घेतली की, कुणीही घरी बसून आपल्या कंप्युटरवरून भांडगावच्या सर्व्हरमध्ये शिरावं आणि बुकिंग घ्यावं. शेतकऱ्याचा फोन आपल्या मोबाइलवर वळवलेला, आणि पडद्यावर साक्षात कारभारी. ही सोय सुरुवातीला काही महिने चाचणीपुरती चालते, नंतर तिचं लायसन विकत घ्यावं लागतं. लायसन म्हणजे त्या सर्व्हरमध्ये शिरायची परवानगी.

आप्पांनी तात्यांना फोन केला. "तात्या, तुमच्या घरी कंप्युटर हाय. काम द्यायचंय. कुणाच्या नावावर घालू?"

आता नाव कुणाचं? घरपट्टीवर तात्यांचं, वीजबिलावर तात्यांचं, लग्नाच्या आवतानावर तात्यांचं. सगळ्या घरांत आप्पांनी असाच कर्त्या माणसाला फोन लावला आणि सगळ्या घरांनी कर्त्याचंच नाव सांगितलं. आवतान जसं घरटी एक द्यायचं, तसं सर्व्हरमध्ये शिरायचं नावही घरटी एक. त्यात काही चुकतंय असं आप्पांना वाटलं नाही, तात्यांना वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मलाही वाटलं नाही. मी इतकी खूश होते की काही सुचतच नव्हतं. घरात बसून पगार! तोही रोपांच्या कामाचा, ज्यात मला गोडी!

दुसऱ्याच दिवशी महाभारत सुरू झालं. मी टेबलावरच्या कंप्युटरवर, जाऊबाई त्यांच्या मुलाच्या लॅपटॉपवर, आतल्या खोलीत. मी तात्यांच्या नावानं आत शिरले, की तिकडून किंकाळी. "गेलं गं बाई!" त्या शिरल्या की माझा पडदा पांढरा. एका नावानं एकच माणूस आत राहू शकतो, हे आम्हाला कळायला आठवडा गेला. तोवर आम्ही एकमेकींवर डोळे वटारत होतो.

"मुद्दाम करतेस का गं?" जाऊबाई आतून.

"मी कशाला मुद्दाम करू? माझा तर शेतकरी अर्ध्यात लटकलाय!"

त्या ढकलाढकलीत एका गृहस्थाचं टोमॅटोचं बुकिंग दोघींनीही घेतलं. एकीचं मधेच तुटलं म्हणून दुसरीनं पहिल्यापासून भरलं, आणि पहिलीचंही आत राहिलं होतं. त्याच्या दारात दोन टेम्पो उभे राहिले, दोन्हींत तीच रोपं. आप्पा स्वतः तिथं गेले. ओरडले नाहीत. आप्पा रागावले की गप्प बसून शेंगा फोडायचे आणि शेंगदाणे दुसऱ्यांना वाटून टाकायचे. त्या दिवशी त्यांनी त्या गृहस्थाच्या अख्ख्या वस्तीला शेंगदाणे खायला घातले म्हणे. मग जादा रोपं शेजारच्या रानात खपवून परत आले. आम्ही दोघींनी वेळा वाटून घेतल्या, सकाळी मी, दुपारी त्या, आणि गाडी कशीबशी रुळावर आली.

रुळावर आली म्हणजे अशी की, त्या हंगामात सगळ्यात जास्त बुकिंग आमच्या घरचं झालं. आप्पांनी पडद्यावर पाहिलं, तिथं तात्यांचं नाव. मग काय, भांडगावला सत्कार! शाल, श्रीफळ, फेटा. तात्यांनी माउसला आयुष्यात हात लावलेला नव्हता, पण फेटा बांधून घेताना मान अशी ताठ, की मी मागं बसून नुसती धुमसत होते. जाऊबाईंनी माझा हात दाबून धरला नसता तर मी तिथंच उठले असते. तात्यांचीही चूक नव्हती म्हणा. घराचा मान घरच्या कर्त्यानं घ्यायचा, हे त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. शाल घरी आली आणि कपाटात गेली.

हे सगळं मी हसून सोडूनही दिलं असतं. पण मधेच माझ्या नवऱ्याला शिरूरकडच्या एका कंपनीत नोकरी लागली. रोज मांडवगणहून जाणं-येणं झेपेना, म्हणून त्यानं शिरूरला खोली भाड्यानं घेतली आणि दसऱ्यानंतर मीही तिकडं जायचं ठरलं. मी मनात म्हटलं, चला, काम तर घरून करायचं आहे, शिरूरच्या खोलीतून करू. एक दिवस तात्या अंगणात दात कोरत बसले होते तेव्हा मी त्यांना सहज म्हणून हे सांगितलं.

तात्या म्हणाले, "ते काम आपल्या घराचं हाय. माझ्या नावावर हाय. तू गेलीस म्हंजी थोरली करंल. काम कुठं जातंय?"

काम कुठं जात नव्हतं, मीच कामातून जात होते! चार भिंतींच्या त्या खोलीत मी दिवसभर काय करणार होते? नवऱ्याचा रिकामा डबा परत यायची वाट बघणार होते? मला कळेचना, ज्या कामावर मी जीव टाकला ते माझं नाहीच? मी रात्रीची भाकरी थापताना परातीवर एवढे हात आपटले की जाऊबाई म्हणाल्या, "पिठानं काय बिघडवलंय गं तुझं?"

आषाढात दसऱ्याच्या झेंडूचं बुकिंग जोरात असतं. नेमकी तेव्हाच चाचणीची मुदत संपत आली. रोज सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात सूचना यायची, लायसन घ्या, नाहीतर बाहेरून जोडलेले सगळे बंद. आप्पांनी लायसन विकणाऱ्या पुण्याच्या मॅडमना बोलावलं आणि घरून काम करणाऱ्यांना समजून घ्यायला भांडगावला यायचं आवतान दिलं. दिलं कुणाला? कर्त्या माणसांना! ऑफिससमोरच्या मांडवात बघते तर ओळीनं टोप्या, फेटे आणि धोतरं. बुकिंग घेणारी मी एकटी, तीही तात्यांनी "मशीनचं काही विचारलं तर सांगायला कुणीतरी असावं" म्हणून गाडीवर मागं बसवून आणली म्हणून.

मॅडम तरुण, उत्साही, लॅपटॉप उघडून उभ्या. "लायसन दोन प्रकारचं मिळतं. एक डिव्हाइसचं, एक यूजरचं. डिव्हाइस लायसन घेतलं तर..."

आप्पांनी हात वर केला. "मॅडम, जेवणातलं सांगा."

मॅडमनी बावरून इकडंतिकडं पाहिलं. मी मागून म्हटलं, "लग्नाच्या जेवणासारखं सांगा, त्यांना तसंच कळतं."

"लग्नाचं जेवण..." मॅडम विचारात पडल्या. "म्हणजे समजा, बसायच्या जागा आहेत, आणि जेवणारी माणसं आहेत. डिव्हाइसमध्ये तुम्ही जागेचे पैसे देता..."

"थांबा, थांबा, थांबा!" आप्पा खुर्चीवरून ताडकन उठले. "म्हंजी एकात पाट मोजायचे, आन् दुसऱ्यात माणसं?"

"हो! अगदी तसंच!"

"पाट मोजला तर त्या एका पाटावर पहिल्या पंगतीला हा, दुसऱ्या पंगतीला त्यो, कितीबी माणसं बसली-उठली तरी चालतंय?"

"चालतं."

"आन् माणूस मोजला, तर त्यानं ओसरीवर बसावं, आंगणात बसावं, पाव्हण्याच्या गावाला जाऊन बसावं, त्याचं पान त्याला?"

"बरोबर काका! कुठल्याही कंप्युटरवर, लॅपटॉपवर, कुठंही. त्याचं लायसन त्याच्याबरोबर जातं."

आप्पांनी दोन्ही मांड्यांवर थापा मारल्या, मांडवात टाळ्या पडल्या, मॅडमचा चेहरा उजळला. आणि मी खुर्चीच्या कडेवर सरकले. त्याचं लायसन त्याच्याबरोबर जातं! म्हणजे माणूस शिरूरला गेला तर लायसन शिरूरला! मला तिथंच उडी मारावीशी वाटली.

एवढ्यात पुढच्या रांगेतले एक फेटेवाले म्हणाले, "मग आप्पा, पाटच घ्या. घरटी एक पाट. घरातलं कुणीबी बसंल."

"रास्त हाय," तात्या म्हणाले. "आज ही सून, उद्या ती सून. पाट घरात राह्यला पाहिजे."

सगळ्या टोप्या हलल्या. मॅडमनी लॅपटॉपवर बोटं ठेवली आणि सरळ मनानं तात्यांना विचारलं, "पण घरोघरी एकाहून जास्त मशीन असतील तर पाटही जास्त लागतील. सध्या आत येणारी नावं तुमचीच दिसतायत. म्हणजे काका, बुकिंग तुम्ही स्वतःच घेता ना?"

कुणी खाकरलं, कुणी पायातली वहाण नीट केली. तात्या म्हणाले, "घरातलं कुणीबी घेतं. आमचं नाव हाय."

आप्पा उभेच होते. त्यांनी टोप्यांच्या रांगेवरून नजर फिरवली आणि ती येऊन माझ्यावर थांबली. त्यांची पंचाईत मला दिसत होती. तात्या शेजारी बसलेले, आणि मी तात्यांची सून. मग एकदम चेहरा खुलला, जसा ड्रोनच्या वेळी खुलला होता.

"तात्या, तुमच्या सुनेला मी काही विचारत न्हाई," ते म्हणाले. "पण ही कासुर्डीची लेक हाय. आमच्या पंगतीत वाढलेली पोर. लेकीला विचारायला कुणाची हरकत न्हाई. सांग गं पोरी, पाट घेऊ का माणूस?"

मी उठले. राग आला की माझा आवाज आपोआप चढतो, ते त्या दिवशी कामी आलं.

"माणूस घ्या आप्पा. वीज गेली की टेबलावरचा पाट बंद पडतो, तेव्हा मी लॅपटॉपवर बसते. आई आजारी होती तेव्हा कासुर्डीत भावाच्या कंप्युटरवर बसून बुकिंग घेतलं. प्रत्येक वेळी पाट वेगळा होता, माणूस मीच होते. दसऱ्यानंतर मी शिरूरला चाललेय. पाट घेतलात तर पाट मांडवगणला राहील, आणि मी शिरूरला हात बांधून बसेन. हे काम मी केलंय. मला ते सोडायचं नाही. आणि जाऊबाईंनाही त्यांचं नाव पाहिजे, त्यांचंही सांगते, कारण त्यांना कुणी आवतानच दिलं नाही!"

मी खाली बसले. तात्या समोर बघत होते. आप्पा वाढा म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. खिशातून शेंगा काढून फोडायला लागले, आणि फोडलेला एकेक दाणा पुढच्या रांगेतल्या एकेका फेट्याच्या हातावर ठेवत गेले. जेवायला मासवडी होती, आप्पांची मासवडी म्हणजे नाव घेण्यासारखी. पण त्या दिवशी कुणी दुसऱ्यांदा रस्सा मागितला नाही.

परतताना भीमेच्या पुलावर तात्यांनी गाडीचा वेग कमी केला. "घरातलं चार माणसांत बोलू न्हाई."

"घरात बोलले होते तात्या. अंगणात."

त्यांनी गाडीचा वेग पुन्हा वाढवला. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी वर्षभर बोलत नाही.

आणि मग मुदत संपली. सकाळी कंप्युटर लावला तर सर्व्हर आत घेईना. पांढऱ्या पडद्यावर एक ओळ, परवानगी नाही. फोन मात्र वाजतच होते. झेंडू, मिरची, फ्लॉवर. "दादा, आज मशीन बंद आहे, उद्या करा," असं सांगून सांगून माझा घसा सुकला. भांडगावला फोन लावावा तर कळलं, आप्पा सकाळपासून बाहेर आहेत, टेम्पो घेऊन गेलेत, कुठं ते कुणालाच ठाऊक नाही. तात्या बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "झालं, मिटलं." जाऊबाईंनी लॅपटॉप बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. मी दुपारभर त्या ओळीसमोर बसून होते. मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं.

उन्हं कलताना दारात रोपांचा टेम्पो थांबला. आप्पा उतरले. स्वच्छ धोतर, डोक्याला फेटा, हातात कुंकवात कालवलेल्या अक्षता. थेट लग्नाचं आवतान द्यायला आल्यासारखे. तात्यांनी बाजेवरून उठून फेटा सारखा केला आणि अक्षतांसाठी हात पुढं केला.

आप्पा म्हणाले, "तात्या, माफ करा. आवतान तुम्हाला न्हाई."

"मग?"

"माझं चुकलं. मी घराघरांना आवतानं देत सुटलो आन् जेवणारी माणसं भलतीच निघाली. भुकेल्याला सोडून पाटाला आवतान दिलं मी, पंगतीचा कारभारी म्हणवून घेतो आन्! आज सकाळपासनं घरोघर फिरतोय. ज्या घरात जी बसती, तिला तिच्या नावानं सांगून आलो. तुमचं घर शेवटचं." ते आमच्याकडं वळले. सासऱ्यासमोर, दुसऱ्याच्या सुनांकडं, सरळ. जाऊबाईंना नाव घेऊन म्हणाले, "बाई, तुम्हाला कामाचं आवतान हाय." त्यांच्या तळहातावर अक्षता ठेवल्या. मग मला. माझं नाव, माझ्या नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं पुरं. "तुम्हाला बी. हितं बसा, शिरूरला बसा, चंद्रावर बसा. पान तुमचं."

आप्पा मला 'तुम्ही' म्हणाले! लग्नात ज्यांनी मला घास भरवायला लावला ते आप्पा!

मग त्यांनी मोबाइल कानाला लावला आणि भांडगावला, जिथं पुण्याच्या मॅडम सर्व्हरसमोर तयार बसल्या होत्या, ओरडून सांगितलं, "वाढा!"

मी नव्या नावानं आत शिरले. आतून जाऊबाईंचा आवाज, "शिरले गं! तुझं गेलं का?"

"नाही गेलं! तुमचं?"

"न्हाई! दोघी बी आत!"

आम्ही एवढ्या मोठ्यानं ओरडलो की गोठ्यातल्या गाई उठून उभ्या राहिल्या. आणि लगेच फोन वाजायला लागले, दोघींचेही, दिवसभराची तुंबलेली बुकिंगं.

बाहेर तात्या पुन्हा बाजेवर टेकले. मग म्हणाले, "आप्पा, मग आमच्या घराचं काय राह्यलं?"

"घराचं? अवो, दोन्ही माणसं घराचीच हायेत की तुमच्या."

तात्यांनी हुं केलं. सवयीनं आत हाक मारली, "अगं, आप्पांना च्या टाका."

"तात्या," आप्पा म्हणाले, "त्या कामावर हायेत. फोन वाजत्याती, ऐका की."

मला वाटलं, आता काहीतरी फुटणार. पण तात्या उठले. स्वयंपाकघरात गेले. भांडी वाजली, काहीतरी पडलं. "साखर कुठाय?" जाऊबाई कुणाला तरी मिरचीची जात समजावत होत्या, त्यांनी नुसता हातानं डबा दाखवला. बाहेरून आप्पांनी घोट घेतल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ, "तात्या, ह्यात साखर हाय का साखरेत च्या हाय?" पण कप त्यांनी पुरता रिकामा केला, आणि आणखी मागितला.

मी एका शेतकऱ्याचं झेंडूचं बुकिंग घेत होते तेव्हा माझ्या हाताजवळ एक कप आला. बशीत निम्मा सांडलेला. तात्या उभे होते. ह्या माणसानं आजवर कुणाला पाण्याचा तांब्या उचलून दिलेला मी पाहिला नव्हता.

"कामावरच्या माणसाला च्या द्यावा लागतोय," ते पडद्याकडं बघत म्हणाले. मग दाराकडं वळले आणि तिकडं तोंड करूनच बोलले, "शिरूरला कोण देणार तुला?"

मी कप हातात धरून तात्यांच्या पाठीकडं बघत राहिले. फोनवर तो शेतकरी विचारत होता, "ताई? ताई, ऐकू येतंय का?"

"येतंय दादा," मी म्हटलं. "सांगा, पिवळा देऊ का नारंगी?"